किटण

तार्तूमध्ये डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
मग मी दिवा लावते, दवाखान्यातला जुना.
खुर्ची विकली, ड्रिल विकली, हा तेवढा ठेवला.
टेबलावर वाकतो आणि सवयीने म्हणतो जणू:
आ करा.

नाणं आ करत नाही.
त्याला निजवायचं तिरप्या धरलेल्या काचेखाली
(काच लेकीच्या लग्नातल्या फ्रेमची, फोटो तिनेच काढून घेतला)
म्हणजे उजेड सरळ खाली उतरतो
आणि तोंडावर आपटून लेन्सकडे परत येतो.
लाल स्वेटर घालायचा नाही. एकदा घातला,
तर जहाजाच्या शिडावर लाली चढली
आणि ओस्लोहून कुणी विचारलं, हा तांब्याचा अंश का?
तो माझा अंश होता.
तेव्हापासून काळा घालते, कुणी गेल्यासारखा.

कुणी गेलंच आहे म्हणा.

एका नाण्याचे चाळीस फोटो.
एकात कड स्पष्ट, एकात नुसता दोरखंड,
एकात शिडाचा फुगवटा, बाकी धुकं.
पुरता खरा एकही नाही.
संगणक त्यांची चळत लावतो
आणि त्यातून एक नाणं निघतं
जे कुठल्याच डोळ्याने कधी एका वेळी पाहिलेलं नसतं.
ते मी जगापुढे ठेवते.
जग म्हणजे साताठशे जागी माणसं,
हेल्सिंकीपासून टोरोंटोपर्यंत,
माझं नाव न विचारता कडेचे दाते मोजणारी.

त्यांचा नियम एकच. घासू नका.

चाळीस वर्षं मी लोकांचं किटण खरवडलं,
कॉफी कमी करा म्हणत.
आता या वयात किटण जपायला शिकतेय:
तपकिरी, जांभळं, कडेला मोरपिशी.
कुणाच्या बोटांचा घाम, खिशातली तंबाखू,
सौनाच्या फळीखाली आत्याने पुरलेल्या बरणीची ओल.
हेच म्हणे नाण्याचं वय,
आणि मोलही हेच.

काल आर्वोचं नाणं काढलं.
बटणांच्या डब्यात, सगळ्यांत खाली.
एक क्रोन, चौतीस सालचं. पिवळं धमक.
लग्नाच्या आदल्या रात्री त्याने ते
माझ्याच दंतमंजनाने घासलं होतं,
तासभर, वसतिगृहाच्या बेसिनपाशी उभा राहून,
आणि ओल्या हाताने पुढे केलं:
बघ, जहाज कसं चमकतंय.
तेव्हा असलं नाणं चारचौघांत काढत नसत.
मी घाईने मूठ मिटली.
आवडलं का, ते सांगायचं राहिलं.

फोटो टाकला. पाच मिनिटांत:
बिचारं.
घासून मारलंय.
किंमत शून्य.
घासून घासून दात झिजवलेला पेशंट आला
की मीही असंच बोलायची, तोंडावर मास्क असताना.

रात्री दीड वाजता तुर्कूचा कुणी कालेर्वो लिहितो:
मोठं करून पाहिलं. ओरखडे वर डावीकडून
खाली उजवीकडे उतरतायत.
घासणारा डावखुरा होता का?

मी लेन्स पुन्हा लावली. अजून जवळ नेली.
इतकी, की जहाज उरलंच नाही,
उरल्या नुसत्या रेषा, केसाहून बारीक,
एका अंगठ्याच्या,
आणि मधेच एक जागा, जिथे त्या थांबतात.
पाणी गेलं असेल.
किंवा मी हाक मारली असेन.

कालेर्वोला लिहिलं: हो.
पुढे काही सुचेना. तो थांबला होता बहुतेक,
हिरवा ठिपका बराच वेळ होता.
बाहेर बर्फगाडी रस्ता खरवडत गेली.

दिवा मालवला. नाणं अजून कोमट होतं.
ते तळहातावर घेतलं, जे करायचं नसतं;
बोट फक्त कडेला लावायचं असतं.
मग त्याच्यावरून उजवा अंगठा फिरवला,
सावकाश,
त्याच्या रेषांना आडवा.