अंगठे

जानेवारीत ग्रिम्सबीला दुपारी चारलाच अंधार पडतो.
मासळीच्या शीतगृहात माझी रात्रपाळी,
निघायला तासभर होता, म्हणून फोन उघडला.
चॅपलच्या बाईंनी फोटो टाकला होता :
भूकंपात गाडल्या गेलेल्या कुठल्याशा डोंगराळ मुलखासाठी
पांघरुणं द्या, लोकरीचे मोजे द्या,
शुक्रवारी ट्रक निघेल.
त्या मुलखाचं नाव मला धड वाचताही येईना.

मी खाली लिहिलं :
आधी घरचं बघा.
माझ्या इमारतीत एक म्हातारी आहे, एक्याऐंशी वर्षांची,
नोव्हेंबरपासून तिचा हीटर बंद आहे.
तिच्यासाठी कोण काढतंय ट्रक?

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.
घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं,
असंच वाटत होतं. आजही थोडं वाटतं.
गोदी बंद पडली, भाऊ गाडीत झोपायला लागला,
तेव्हा आमच्यासाठी कुठल्या देशानं मोजे विणले होते?

पाळी संपेपर्यंत दोनशे चौदा अंगठे.
निळे, गुबगुबीत, उभे.
कुणीतरी लिहिलं, नेव्हिल, मनातलं बोललास.
बर्फाच्या पेट्या रचताना हातमोजा काढून काढून
मी अंगठे मोजत होतो.
ऊब वाटली. खोटं कशाला बोलू?

सकाळी जिन्यात थर्झा ओल्डरॉइड उभी.
अंगात दोन कोट, आतल्याची कॉलर बाहेर आलेली.
"ती म्हातारी मीच ना?
पुतणीनं फोनवर वाचून दाखवलं.
माझी थंडी न विचारता घेऊन गेलास, नेव्हिल.
वापरून झाली असेल तर परत आणून दे."

अहो, तुमच्याच बाजूनं बोललो मी.

"हो का? मग त्यातला एक तरी
जिना चढून वर आला?"
आणि धाप लागली म्हणून कठड्याला टेकून,
"तू तरी?"

दोनशे चौदा जणांनी अंगठा दाखवला होता.
तिला.
माझ्या दारापासून तिचं दार अकरा पायऱ्या वर,
मी त्या त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या.

आत खिडकीची काच कोपऱ्यात फुटलेली,
भोकात नायलॉनचा पायमोजा कोंबलेला.
मीटरमध्ये अठ्ठेचाळीस पेन्स.
आणि पलंगावर, दोरीनं करकचून बांधलेली
एक जाड गोधडी.
वर चिठ्ठीवर त्या मुलखाचं नाव,
तीनदा खोडून तीनदा लिहिलेलं,
तिन्ही वेळा चुकलेलं.

मी काही विचारलं नव्हतं.
तीच म्हणाली, "मी लहान असताना रात्री समुद्र घरात शिरला.
शाळेच्या वर्गात निजवलं आम्हाला,
कुणीतरी अंगावर एक घोंगडी टाकली.
कुठून आली होती, देव जाणे.
वास वेगळाच होता साबणाचा."
मग जरा आठवून,
"खाजायची मात्र फार मेली."

मी काच बदलली. बरी बसली नाही, कडेनं वारा येतोच.
नगरपालिकेला फोन लावला,
चाळीस मिनिटं पियानो ऐकला,
मग एक मुलगी म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू.
मीटरमध्ये वीस पौंड भरले, तर थर्झा दोन दिवस बोलली नाही.
जे लिहिलं होतं ते मी पुसलं नाही.
अंगठे अजून वाढतायत.
मोजणं तेवढं सोडलंय.

शुक्रवारी गाठोडं मीच खाली नेलं,
तिच्यानं उचलवत नव्हतं.
तुम्हाला काय उरलं पांघरायला, हे विचारायचं
ओठांवर आलं आणि गिळलं.
जिना अरुंद. दोरी बोटांत रुतत होती.
आणि अंगठा, एरवी एवढा ताठ,
चार बोटांच्या शेजारी
मुकाट वाकला होता.