लेबलांवरची अक्षरं

माझा धाकटा भाऊ ओझबोल्ट, वय चौऱ्याहत्तर,
मधाच्या बरण्यांवर लेबलं स्वतःच्या हातानं लिहितो.
शनिवारी बटाटे आणायला तळघरात उतरले
आणि टॉर्च फळीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवला:
लिंडन, चेस्टनट, लिंडन, लिंडन...
वर्षागणिक अक्षरं अंग चोरत गेलेली.
शेवटच्या बरणीवर तर मुंग्यांची रांग.
चेस्टनट आहे हे ठाऊक होतं,
म्हणून वाचता आलं.

डॉक्टर म्हणाली, कंप एक जातीचा नसतो.
एक नुसता हात हलवतो, आमच्या आईचा हलायचा तसा,
अर्धी कॉफी बशीत, आणि नव्वदीपर्यंत सुखरूप.
दुसरा डोक्यात खोल सुरू होतो, वर्षानुवर्षं गुपचूप,
आणि मग कधीतरी बोटांत येऊन बसतो.
वरून पाहून दर वेळी कळतंच असं नाही.
म्हणून पहाटेची बस, राडोव्लित्साहून ल्युब्लियाना.

आधी आयोडीनची गोळी.
गळ्यातल्या ग्रंथीचं पोट भरलेलं असलं
की सुईतून येणाऱ्या पाहुण्यावर ती हात मारत नाही,
असं नर्सनं समजावलं.
ओझबोल्ट खूश झाला. "म्हणजे धुरासारखंच!
धूर दिला की माश्या मधानं पोट फुगवून घेतात
आणि डंखायचं विसरतात."
नर्स हसली. शिशाच्या डबीतून इंजेक्शन काढलं.
आता चार तास थांबा, म्हणाली,
औषधाला वर चढायला वेळ लागतो.

आम्ही नदीकाठच्या बाजारात गेलो.
एका बाईनं मधाची काडी पुढे केली,
मी ती त्याच्या नाकाखाली धरली: "ओळख!"
त्यानं काडी घेतली, बोटांत चिकटवून पाहिली,
उजेडात धरली.
"चेस्टनट."
"वास घेऊन सांग की!"
तो पुलाकडे बघत राहिला.
"सहा वर्षं झाली, योहाना.
रंगावरून सांगतो."

सहा वर्षं.
माझं करपलेलं सूप तो निमूट संपवायचा
आणि मी शेजारणीला सांगायची,
स्वभावानं फार चांगला आहे हो.

यंत्राच्या खोलीत मला काचेपलीकडे बसवलं.
त्याचं डोकं पट्ट्यानं बांधलं,
दोन जाडजूड चौकोन कानांशी लगट करत हळूहळू फिरू लागले.
"पस्तीस मिनिटं, अजिबात हलायचं नाही."
हे कुणाला सांगत होते!
त्याचा उजवा हात चादरीवर सुरूच,
अंगठा आणि बोट जणू अदृश्य गोळी वळताहेत.
तो घाबरून म्हणाला, "हा ऐकत नाही."
टेक्निशियन मुलगा म्हणाला,
"डोकं शांत ठेवा, काका. हाताला म्हणावं, तू चालू दे."

चित्र मी पाहिलं. काळ्यावर केशरी.
दोन स्वल्पविराम हवेत, डॉक्टरनं पेनानं दाखवलं, असे, समोरासमोर.
अडतीस वर्षं पोरांच्या वह्यांतले स्वल्पविराम तपासलेत मी.
एकाची शेपटी जागेवर नव्हती.
दुसऱ्याची होती, पण फिकट, शाई संपत आल्यासारखी.

"फक्त चित्रावरून मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाली,
"चाल, अक्षर, नाक, सगळं मिळून म्हणते."
आणि रोगाचं नाव घेतलं.
ओझबोल्टनं विचारलं,
"मार्चमध्ये पेट्या उघडता येतील का?"
गोळ्या लागू पडल्या तर, ती म्हणाली.
अक्षराचंही सांगितलं: आखलेल्या कागदावर लिहा, मोठं येतं.

परतीच्या बसमध्ये तो झोपला,
आणि झोपेत त्याचा हात थांबला.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ब्लेडच्या फाट्यापर्यंत
मी त्या हाताकडे बघत होते.

आज सकाळी पट्टी घेऊन बसले.
प्रत्येक लेबलावर दोन रेघा,
पहिलीतल्या मुलांना आखून द्यायची तशा.
बरणी उघडून मी हुंगते आणि सांगते,
मग तो लिहितो.
मला दोन मधांतला फरक अजून नीट कळत नाही.
तो रागावतो, "अगं, नीट हुंग!"

पहिलंच अक्षर वरच्या रेघेला ओलांडून गेलं.
लाल पेन शेजारीच होतं.
मी पुढची बरणी उघडली.