चौदावी शिट्टी

एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळचे साडेसहा.
बर्डीहून निघालेली बस
काटोल नाक्याच्या बरीच पुढे आम्हा चौदा जणांना उतरवून गेली
आणि पोट्ट्यांनी आधी हात वर करून रेंज शोधली.
मी डबा पुढे केला, बिस्किटांचा, जुना, पत्र्याचा.
टाका सगळे यात.
ऑपरेशनआधी दागिने काढून द्यावेत
तसे दिले त्यांनी मोबाइल.
मिहीरने तर स्क्रीन पुसून दिला.

प्रत्येकाच्या खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा,
गळ्यात लाल दोरीची शिट्टी,
गोकुळपेठेत घासाघीस करून घेतलेली, बारा रुपयांना एक.

पहिला धडा आगीचा. म्हणजे आग न लावण्याचा.
सागाची पानं या दिवसांत पायाखाली पापडासारखी वाजतात,
एक ठिणगी, आणि अख्खी टेकडी जाईल.
म्हणून पत्र्याचं ताट, भोवती ओली वाळू,
सावरीच्या बोंडातला कापूस, चकमक
आणि इशिता गजभिये,
जी घरी गॅस पेटवायला भिते.
सतराव्या ठिणगीला धूर.
ती ओरडली नाही. ताटाकडे बघत म्हणाली,
मॅडम, आता विझवू?
हो गं. अर्धा धडा तोच आहे.

दुसरा पाण्याचा.
नाला कोरडा, पण जिथे वळतो
तिथे बाहेरच्या काठाखाली हातभर खणलं
की वाळू काळी पडते.
फैजानने ती मूठभर घेतली, गालाला लावली
आणि बराच वेळ तसाच बसला.
पाणी वाटीभर आलं, गढूळ.
गाळायचं, उकळायचं, मग प्यायचं, मी म्हटलं.
हर्षल नेवारेने शेजारचे रानडुकराचे खूर दाखवले :
यानं काऊन नाही उकळलं?

तिसरा हरवण्याचा.
हा मला लटारी मसरामने दिला होता,
वनमजूर, कानावर बिडी, बोलणं मोजकं :
"हरवली का बस, बाई.
बसलेला माणूस सापडते. चालणारा निस्ता थकते."
मी तो जसाच्या तसा पुढे दिला.
एक झाड निवडा, त्याला नाव द्या, त्याला सोडू नका.
तीन शिट्ट्या. थांबा. पुन्हा तीन.
धावड्याचं नाव ठरलं मोठेबाबा.

मग मी पुढची जागा बघून येते म्हणून गेले,
दहा मिनिटं.
टेंभरं पिकली होती, दोन खाल्ली,
तिसऱ्यासाठी थोडी आत शिरले,
वळले, तर पायवाट नव्हती.

बावीस वर्षं या टेकड्या.
ट्रकचा आवाज डावीकडून आला, मग उजवीकडून,
मग आलाच नाही.
एक वारूळ लागलं.
काही वेळाने तेच वारूळ, बाजू बदलून.
बसावं, हे ठाऊक होतं.
पण शिकवणारी बसेल कशी?
चालले. घाम आटला होता.
टिटवी माझ्यावरून चिडत गेली.

आणि तीन शिट्ट्या.
धावले. साप? ऊन लागलं? कोण पडलं?
तेरा फॉर्मवरच्या तेरा पालकांच्या सह्या
डोळ्यांपुढून सरकत होत्या,
काटे साडीला धरत होते, सोडत नव्हते.

मोठेबाबाभोवती सगळे बसलेले, सावलीत,
एकमेकांना गुडघे लावून.
मोजले. तेरा. पुन्हा मोजले.
कोण हरवलं रे? धापेतून कसंबसं विचारलं.
कुणी हसलं नाही.
इशिताने बाटली पुढे केली.
घोट घोट घ्या, मॅडम, म्हणाली. तुम्ही.

संध्याकाळी बर्डीला उतरताना
डबा उघडला, मोबाइल गेले ज्याच्या त्याच्या हातात,
शिट्ट्या परत घेतल्या.
तेरा, थुंकीने ओल्या, दोऱ्यांना वाळू.
चौदावी माझ्याच गळ्यात होती,
कोरडी.