ठकसेन

बटणांच्या डब्यात चाळीस वर्षं पडून होता
येफीमनं खाणीच्या ढिगातून उचललेला खडा.
लग्नात अंगठी नव्हती; हाच.
"गारगोटीवर भागवलं की तुझं," बहीण म्हणाली होती.

आज उल्यानानं तो चिमट्यात धरला.
ब्रोमोफॉर्मच्या नळीत आधी गारगोटी सोडली: तरंगली.
पाचूचा तुकडा, तोही तरंगला,
हिरव्या ऐटीत.
हा मात्र सरळ तळाशी.

"गारेवर ओरखडा काढतो, आजी.
फेनाकाइट. ग्रीकमध्ये ठकसेन."
"किंमत?"
"हौशी भेटला तर हिवाळ्याचं सरपण."

आग्राफेना खडा पदरानं नाही, ओठांनी पुसते.
उरलचा बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलाय.
"ठकवलं कुठं त्यानं?
मीच कधी बुडवून पाहिला नाही."

मग एकदम,
"फ्योक्लाला फोन लाव."
थांबते.
"राहू दे. ती गेली ना."