चार बोटं भरती

आमच्या समुद्राला भरती नसते.
म्हणजे असते, चार बोटं,
वारा फिरला की तीही पुसली जाते.
तरी क्लाइपेदाच्या या चौथ्या मजल्यावर
नऊ वर्षं मी
भरती-ओहोटी सांगणाऱ्या एका प्रोग्रामचं
पॅकेज बांधते आहे.

कुणी घेईना म्हणून घेतलं.
आधी सांभाळणारा दोन ओळी लिहून निघून गेला:
मुलगी झाली. वेळ नाही.
पदरी पडलं, पवित्र झालं.

प्रोग्राम परक्याचा.
नॉर्वेच्या कुठल्याशा फ्योर्डकाठी बसून
तोरब्योर्न आइक्रेमने लिहिलेला,
आपल्या मशीनवर चाललं म्हणजे जगात चाललं
या भाबड्या समजुतीने.
फाइली कुठे ठेवायच्या ते त्याने दगडात कोरल्यासारखं ठरवलेलं,
आमच्याकडे त्या नावाची डिरेक्टरीच नाही.
त्याचा कंपायलर पोटात घालतो ते सगळं
आमचा ओरडून सांगतो.

मी पॅच लिहिते. आजवर सात.
त्याचं अक्षर बदलत नाही, हा माझा नियम.
दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी लावायची नाहीत.
दार आमच्या चौकटीत बसेल
इतकंच तासायचं.

दिवसा मी धान्याच्या धक्क्यावर, वजनकाट्याशी.
ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो,
मधला फरक म्हणजे गहू.
रात्रीही तेच काम:
बाइट किती, चेकसम काय,
चौसष्ट अक्षरं, ज्यांना अर्थ नाही
आणि ज्यांच्यावर सगळा विश्वास.

मार्चमधल्या एका मंगळवारी ती जुळेनात.
नाव तेच, आवृत्ती तीच,
नव्वद बाइट जास्त.
मनात पाल चुकचुकली.
त्याच्या सर्व्हरमध्ये कुणी शिरलं,
कुणी काही पेरलं,
आणि ते माझ्या हातून
न बघितलेल्या माणसांच्या मशीनवर जाणार होतं.
सँ-मालोचा तो शिंपलेवाला, दर नाताळला आभार लिहितो,
त्याच्या होडीवरसुद्धा.

जुनं टारबॉल जपून ठेवलेलं होतं.
दोन्ही उघडली, शेजारी शेजारी.
चहा गार झाला, त्यावर साय धरली.
डोळ्यांत तेल घालून खाली खाली गेले,
कोड तोच, शेवटच्या कंसापर्यंत तोच.
फरक एका ओळीचा.
लेखकांच्या यादीत, जी कुणी उघडत नाही,
त्याच्या नावाखाली:

गुन्वोर आइक्रेम. पाण्याची पट्टी वाचली,
सकाळी सहा, संध्याकाळी सहा, एकतीस वर्षं.

मी त्याला लिहिलं:
पुढच्या वेळी कृपया आवृत्तीचा आकडा वाढवा,
इकडे सगळं अडतं.
पाच दिवसांनी उत्तर आलं:
माफ करा. कुणी मोजत असेल असं वाटलं नव्हतं.

बायको, बहीण, आई,
त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

नवा चेकसम लिहिला.
मग लक्षात आलं, ती यादी
आम्ही पॅकेजमध्ये कधी घातलीच नव्हती.
माझ्या आधीच्याने नाही, मीही नाही,
चालण्यासाठी लागत नाही म्हणून.
काय काय न्यायचं त्या फाइलीत एक ओळ वाढवली.
बदल तपासणारा पोर्तो अलेग्रेचा जुरांदिर,
शब्दाला महाग माणूस. त्याने विचारलं:
गरज आहे?
हो.
बरं.

कपाटातलं जुनं मशीन आता बांधतं आहे.
त्याला रात्र लागते,
पंख्याच्या आवाजाने कपाटाचं दार थरथरतं,
मी त्याला रबरी चप्पल लावून ठेवली आहे.
बाहेर पाणी होतं तिथेच आहे,
फार तर चार बोटं वर.
सहाला उठून बघेन
कुठे अडकलं ते.