एल, आय

उद्यमनगरात, ग्राइंडरच्या मागं
इलाहीमामूंचं फोर एटी-सिक्स.
सीडी नाही, यूएसबी नाही,
फ्लॉपीचं तेवढं तोंड उघडं.

लिनक्स घालून नेलेली पहिली चकती
पडद्यावर दोनच अक्षरं बोलली: एल, आय.
पुढचं गिळलं.
दुसरी नुसती खर्र खर्र.
तिसरी माझ्या घरी चालायची, इथं मुकी.

चौथी मीच मारली. चहा घेताना ठेवली
ग्राइंडरच्या चुंबकी बेडवर.
मामू हसले नाहीत. भुकटी पुसत म्हणाले,
"त्येला काय म्हाईत
कुठल्या लोखंडावर काय लिवलंय."

मग सुचलं. ड्राइव्हचं हेडच जरा तिरकं,
परक्याचं अक्षर त्याला लागत नाही.
लॅपटॉपवरनं सिरीयल केबलनं
पंचवीस मिनिटं इमेज ओतली त्याच्या पोटात,
आणि पाचवी चकती
त्याची त्यालाच लिहायला दिली.

एल. आय.
(पलीकडं कुणीतरी लेथ बंद केला)
एल. ओ.

मामूंनी खिशातली वही काढली,
माझ्या नावापुढं काहीतरी मांडलं.
किती, ते मला अजून
वाचता आलेलं नाही.