दोन व्होल्ट कमी

रायबंदरच्या फेरी-धक्क्यासमोर आमचं शेड.
दारावरच्या पत्र्यावर बाबांनी ब्रशने लिहिलेलं,
‘येथे करंट दुरुस्त होतो’.
रंग उडाला, मजकूर पुसत नाही.

इनास पायलट गाडी ढकलत आला.
पिवळा मडगार्ड, काळी टाकी,
टाकीवर सांत आंतोन, हरवलेलं शोधून देणारा,
आणि हँडलला पिशवीत कोरी बॅटरी, सील न फोडलेली.
‘बाये, मेली ती. ही बसव.’
दीड वर्षात ही तिसरी.

म्हटलं, मेली आहे की उपाशी, ते आधी बघू.

लाल टोक प्लसला, काळं मायनसला.
बारा पॉइंट दोन.
सेल्फ मारला, टक टक टक,
आकडा घसरत आठावर,
हेडलाइट पणतीएवढा.
किकवर मात्र होते सुरू,
पण साठीतला गुडघा, मागे उभं गिऱ्हाईक,
आणि पाचव्या किकपर्यंत
ते गिऱ्हाईक दुसऱ्या पायलटच्या मागे बसलेलं असतं.

रेस धरायला सांगितली.
मीटरवर चौदा यायला हवे होते.
बारा पॉइंट एक.
रेस वाढव. बारा पॉइंट एक.
म्हणजे पोट ठीक आहे,
ताटच पोचत नाही समोर.

‘करंट आळशी असतो गो,’
बाबा सांगायचे,
‘त्याला शिव्या घालू नकोस, वाट करून दे.’
आता त्यांचा हात थरथरतो,
मीटरची टोकं ठरत नाहीत कुठे.
घरी बसून विचारतात फक्त, आज काय आलं होतं?

तीन पिवळ्या वायरी सोडवल्या.
पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी:
साठ, एकसष्ट, साठ.
कॉइल शाबूत.
अर्थ बघितला, घट्ट.
वायरी परत जोडल्या, रेग्युलेटरच्या तोंडाशी लाल वायर टोचली:
चौदा पॉइंट तीन!

तिथून निघतात चौदा पॉइंट तीन,
बॅटरीशी पोचतात बारा पॉइंट एक.
मध्ये अंतर किती, तर दीड हात.

इनास म्हणाला, ‘माझ्या पोरीचं तसंच.
तिकडून पाठवते म्हणते इतके,
हातात येईपर्यंत...’
म्हटलं, अंकल, टॉर्च धरा.

सीट काढली, साइड कव्हर काढलं,
कुणीतरी कधीतरी गुंडाळलेली टेप
ओल्या केळीच्या सालीसारखी निघाली,
आणि आत
पांढरा सॉकेट, तपकिरी होऊन वाकलेला,
त्यात एक पिन, हिरवीगार.

भरतीच्या वेळी फेरीच्या रॅम्पवर पाणी चढतं.
चोडणला जायचं, यायचं, पुन्हा जायचं,
एकोणीस वर्षं.
फेरीवाल्याने याच्याकडे तिकीट मागितलं नाही कधी.
मांडवी मात्र थेंबाथेंबाने
भाडं वसूल करत होती.

हिरवं कापून टाकलं.
नवी पिन, डाग, वर नळी,
लायटरने आवळली, ग्रीस चोपडलं.
इनास टॉर्च धरूनच होता,
बंद करायचं विसरून, भर दुपारी.

सुरू.
तेरा आठ. चौदा. चौदा एक. तिथेच थांबला आकडा.
आतून कोरडा, नीट, विश्वास बसेल असा.
त्याने हॉर्न दाबला तर
समोरच्या बेकरीवाल्याने दार उघडून पाहिलं.

‘किती?’
दीडशे म्हटलं. त्याने दोनशे दिले,
सुटे मागितले नाहीत, मी दिलेही नाहीत.
कोरी बॅटरी? बिल आहे ना, परत करा आजच.
जुनी रात्रभर चार्जरला लावा,
तिला अजून एक वर्ष तरी मरायचं नाही.

तो फेरीवर चढला.
रॅम्पवर पाणी होतं,
या खेपेला पाय वर घेतले त्याने, गाडीचे कुठे घेणार.

पत्र्यावर टेकून मी हात पुसत राहिले.
आधीच्या दोन
पणजीच्या भंगारवाल्याने किलोवर घेतल्या होत्या.
बहुतेक त्याही मेल्या नव्हत्या.
हे मी इनासला सांगितलं नाही.
रात्री बाबांना सांगितलं.